हौशी गड्याचा दुखरा पाय

गेलिक फुटबॉल हा आयर्लंडचा आपला, गावोगावचा खेळ. एका बाजूला १५ गडी. चेंडू लाथेने मारावा, हाताने झेलावा, मुठीने पुढे धाडावा. १८८४ साली निघालेली गेलिक ॲथलेटिक असोसिएशन हा खेळ चालवते. पण खेळाडूला वेतन नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ८० हजार लोकांपुढे खेळणारा गडीही सोमवारी शाळेत नाहीतर शेतावर हजर!

आता पाहा, अशा गड्याचा पाय दुखावला तर? या खेळात सर्वांत जास्त दुखावतो तो मांडीच्या मागचा स्नायू. सुसाट पळताना तो एकदम ताणला जातो. गडी सुतार असला तर शिडी बंद, म्हणजे मजुरीही बंद. असोसिएशनचा दुखापत-निधी आहे, पण त्यालाही मर्यादा आहेत.

क्लबात मात्र चेष्टेला ऊत. “काय रे, गवत टोचलं वाटतं?” हिच्यात माया असते, बरं का, बाकावर बसलेला गडी त्यामुळे एकटा पडत नाही. पण तिला लाजून तो लवकर मैदानात उतरला, तर तोच स्नायू पुन्हा दुखावण्याची भीती मोठी. तुम्ही कोणताही खेळ खेळत असा. थट्टा हसून ऐका, मात्र परतण्याचा दिवस डॉक्टरांनाच ठरवू द्या.