छतावरची छत्री – भाग ११ : अकरा वाजताचा बिघाड

कनेक्टरच्या टोपीत शिरणाऱ्या पाण्यापर्यंत आपण मागच्या आठवड्यात आलो होतो आणि आज तिथूनच पुढे जायचं होतं. ते पाणी आणखी आठ दिवस तिथंच राहू दे. वर्षातून दोनदाच येणारी एक गोष्ट आता दाराशी आली आहे, आणि ती तुम्हाला स्वतःच्या गच्चीवरून बघायची असेल तर तिच्याबद्दल याच आठवड्यात लिहायला हवं.

संगमनेरच्या एका वाचक ताईंचं पत्र मार्चमध्ये आलं होतं. ते मी मुद्दाम सप्टेंबरअखेरपर्यंत राखून ठेवलं. त्यांच्याकडे डीडी फ्री डिशची छत्री आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रोज अकरा वाजून गेले की चित्र फुटायचं, चेहऱ्यांचे ठोकळे व्हायचे, आवाज तुटायचा आणि मग पडदा काळा. सात-आठ मिनिटांत सगळं आपोआप पूर्ववत. आकाश निरभ्र, वाराही नाही. डिशवाल्याला बोलावलं तर तो आला संध्याकाळी, आणि तेव्हा चित्र अगदी स्वच्छ. तरी त्यानं एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरच्या दांडीवरचा सिग्नल झेलणारा डबा, बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग केबल बदलली. त्यानंतर दोन दिवसांनी त्रास थांबला आणि दोष केबलचाच होता असं ठरलं. ताईंना ते पटलं नाही. जुनी केबल त्यांनी माडीवरच्या टीव्हीला लावून पाहिली, तर ती उत्तम चालते. मग बिघडलं होतं काय, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, काहीच बिघडलं नव्हतं. त्या दिवसांत सव्वाअकराच्या सुमारास सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येऊन उभा राहत होता.

फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीच्याच गतीनं फिरत असल्यामुळे तो आपल्याला आकाशात एका जागी खिळलेला वाटतो. मुंबईहून पाहिलं तर ती जागा आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७ अंश उंचावर येते. सूर्य मात्र जागचा हलतो. दिवसभरात पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि वर्षभरात दक्षिणेकडून उत्तरेकडे व परत. शून्य सावलीचा दिवस आता शाळाशाळांतून साजरा होतो. मुंबईत मेच्या मध्याला सूर्य नेमका डोक्यावर येतो, तोही याच उत्तर-दक्षिण येरझारेचा भाग. या येरझारेत वर्षातून दोनदा सूर्याची वाट उपग्रहाच्या जागेवरून जाते, आणि सूर्य हा रेडिओलहरींचाही प्रचंड उगम आहे. उपग्रहाकडून आपल्या छत्रीत पडणारी लहर आधीच अतिशय क्षीण असते. शेजारी ढोलताशा वाजत असताना कुणी कानात कुजबुजावं, तशी त्या वेळी एलएनबीची अवस्था होते.

एक शंका इथं हमखास येते. उपग्रह विषुववृत्तावर आहे, मग हे बरोबर विषुवदिनी, म्हणजे २०-२१ मार्च आणि २२-२३ सप्टेंबरला का होत नाही? कारण आपण विषुववृत्तावर राहत नाही. उत्तरेकडून तिरकं पाहिल्यामुळे उपग्रह आपल्याला सव्वातीन अंश दक्षिणेला सरकलेला दिसतो. सूर्य त्या रेषेवर मार्चमध्ये विषुवदिनाच्या आठवडाभर आधी येतो आणि शरदात आठवडाभर नंतर. मुंबईसाठी मधला दिवस १२ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या आसपास पडतो. नागपूर अधिक उत्तरेला, म्हणून तिथं मार्चमध्ये एक दिवस आधी आणि ऑक्टोबरमध्ये एक दिवस नंतर. कोल्हापूरला याच्या उलट.

वेळेचं गणित मला याहून आवडतं. मार्चमध्ये मुंबईत ही गाठ अकरा वाजून तेरा मिनिटांच्या आसपास पडते आणि नागपुरात अकरा वाजून सतराच्या. दोन्ही शहरांच्या सूर्योदयात पंचवीस मिनिटांचं अंतर, पण इथं जेमतेम चार मिनिटांचं. नागपूरला सूर्य आधी चढतो खरा, पण तिथून उपग्रहही माथ्याच्या अधिक जवळ दिसतो, म्हणून सूर्याला तिथवर पोचायला जास्त वेळ लागतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना जवळजवळ फेडून टाकतात. ऑक्टोबरमध्ये मुंबईत हेच अकराला सात-आठ मिनिटं कमी असताना घडतं. तुमची छत्री दुसऱ्या कंपनीची असेल तर तिचा उपग्रह कुठल्या अंशावर आहे ते पाहा. ८३ अंशावरच्यासाठी मार्चमध्ये दुपारचे बारा, १०८ अंशावरच्यासाठी सकाळी दहा वाजून गेल्यावर.

हा त्रास फक्त घरच्या टीव्हीला होतो असं नाही. मुंबईचा राष्ट्रीय शेअर बाजार १९९४ मध्ये सुरू झाला तो देशभरच्या दलालांना उपग्रहानं जोडूनच. त्यामुळे कितीतरी वर्षं मार्च आणि ऑक्टोबरमधल्या या दिवसांत दुपारी बाराच्या आगेमागे सौदे थांबवले जात आणि बुडालेला वेळ संध्याकाळी वाढवून दिला जाई. सूचना आधीच निघायची. कोट्यवधींची उलाढाल सूर्याच्या वेळापत्रकानं चालायची, आणि त्यात कुणाला गैर वाटत नसे, कारण सूर्याशी वाद घालता येत नाही हे तिथल्या तंत्रज्ञांना पक्कं ठाऊक होतं. नारायणगावजवळ आर्वीला १९७१-७२ साली उभं राहिलेलं विक्रम भू-केंद्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. तिथल्या सुमारे ३० मीटर व्यासाच्या थाळीची नजर फार अरुंद. अशा थाळीला सूर्य थोडेच दिवस आणि थोडाच वेळ गाठतो, पण त्या वेळात संपर्क पार बुडतो. आपली ६० सेंटिमीटरची छत्री उलट सुमारे तीन अंश रुंद बघते. म्हणून तिला त्रास आठवडाभर होतो, कडेच्या दिवशी दोन-तीन मिनिटं आणि मधल्या दिवशी आठ-दहा.

तो ओळखायचा कसा? चित्र फुटायला लागलं की रिमोटनं मेनूत जाऊन सिग्नलचं पान उघडा. तिथं दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. पावसानं सिग्नल गेला तर बहुधा दोन्ही उतरतात. केबल सुटली तर दोन्ही झोपतात. सूर्य मागे आला की क्वालिटी हळूहळू घसरते आणि स्ट्रेंथ मात्र होती तिथंच राहते, क्वचित वरही सरकते, कारण सूर्याचा गोंगाटही बॉक्सला बळच वाटतो. मग चार-पाच मिनिटांत क्वालिटी जशी उतरली तशीच एकेक टप्प्यानं चढते. हा चढउतार एकदा पाहिला की पुन्हा कुठल्या बिघाडाशी त्याची गल्लत होणार नाही.

आता ज्यासाठी हा आठवडा धरून ठेवला ते. या दिवसांत त्या वेळी सूर्य जिथं असतो तिथंच तुमचा उपग्रह आहे. एरवी हाताला न लागणारी ती जागा कोवळं पोरसुद्धा दाखवू शकेल. सूर्याकडे बघायचं नाही, छत्रीवर पडलेली सावली बघायची.

आपल्या छत्र्या तिरप्या धाटणीच्या असतात. उपग्रह ५७ अंशांवर असला तरी छत्री तीस-बत्तीस अंशांकडे तोंड करून बसल्यासारखी दिसते. त्यामुळे लोक तिच्या थेट समोरची फांदी तोडतात, जी कधीच आड आलेली नसते, आणि खरी आड येणारी वरची फांदी तशीच राहते. आंब्याच्या निरपराध फांद्या अशा तोडलेल्या मी फार पाहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी हळहळलो आहे. १ ऑक्टोबरच्या आगेमागे पावणेअकराला गच्चीवर जा. छत्रीवर पूर्ण ऊन असेल तर वाट मोकळी. तिच्यावर नारळाची झावळी हलताना दिसली, किंवा पाण्याच्या टाकीची कड आडवी आली, तर तुमचा पावसाळ्यातला निम्मा त्रास तिथं आहे. छत्रीवर ओलं फडकं फिरवा. ओल्या पत्र्यावरून परतलेला उजेड एलएनबीच्या पांढऱ्या टोपीवर गोळा झालेला दिसेल. तो टोपीच्या मधोमध असेल तर छत्री नेमकी लागली आहे. कंपन्या छत्रीला चकाकी नसलेला रंग देतात तो याचसाठी, नाहीतर कोरड्या छत्रीतही ते ऊन एका ठिपक्यात एकवटून टोपीचं प्लास्टिक वितळवेल.

आणखी एक. शेजाऱ्यांकडेही फ्री डिशच असेल तर दोघांनी चित्र कधी गेलं आणि कधी आलं ते मिनिटासकट लिहून ठेवा आणि मधली वेळ काढा. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. तुमची मधली वेळ शेजाऱ्यांच्या चार मिनिटं नंतरची आली, तर तुमची छत्री त्यांच्यापेक्षा अंशभर पश्चिमेला आणि थोडी वर बघते आहे. आधीची आली तर पूर्वेला आणि थोडी खाली. दोघांपैकी ज्याच्याकडे एरवी क्वालिटीची पट्टी कमी, त्याची छत्री हलवायची. अशी अंशभराची चूक हजारभर रुपयांच्या मीटरविना सापडते, आणि पावसात आधी चित्र कुणाचं जातं याचा उलगडाही होतो.

संगमनेरच्या ताईंनी माळ्यावर टाकलेला जुना एलएनबीही जपून ठेवावा, तो चांगलाच असणार. तुमच्या नोंदी आल्या की गावांच्या नावांसकट इथं छापू. गाव, मधली वेळ आणि छत्रीवर सावली होती की नव्हती, एवढं पुरे. पाण्याचा विषय पुढच्या आठवड्यात नक्की, त्यासाठी एक पाना आणि काळ्या टेपचं रीळ जवळ ठेवा.