खेळाचें सामान कोठें ठेवावें?

घरांतल्या मुलानें संगणकावर एखादा खेळ रचला, कीं तो मित्रांना द्यावा अशी हौस त्यास साहजिकच वाटते. स्वतःच्या यंत्रावर खेळ उत्तम चालतो. मित्राच्या घरीं मात्र पडदा काळा राहतो. याचें कारण बहुधा असें, कीं प्रोग्रॅम चित्रें, आवाज व नकाशे यांच्या फाइली अजून त्या मुलाच्याच फोल्डरांत शोधीत असतो. नाटकमंडळीनें पडदे मागल्या मुक्कामीं विसरावे, तसाच हा प्रकार!

हें सामान दोन जातींचें असतें. एक, खेळाबरोबर आलेलें व कधींहि न बदलणारें. दुसरें, खेळणाऱ्यानें निर्माण केलेलें, म्हणजे अर्ध्यावर राखून ठेवलेले डाव, मिळविलेले गुण. दोहोंची सरमिसळ झाली, तर नवी आवृत्ति बसवितांना जुना फोल्डर पुसला जातो व महिनोन्महिने खेळलेला डावहि त्याबरोबर जातो.

लिनक्सच्या जगांत मांडणीचे नियम १९९४ पासून लिहिले गेले आहेत. त्यांच्या २०१५ च्या आवृत्तींत स्थिर सामानासाठीं '/यूएसआर/शेअर/गेम्स' आणि बदलत्या सामाईक सामानासाठीं '/व्हार/गेम्स' अशा जागा सांगितल्या आहेत. ज्याचे त्याचे डाव मात्र ज्याच्या त्याच्या होम फोल्डरांत शोभतात.

या विवेकाचें फळ 'डूम' या १९९३ सालच्या खेळांत पाहावें. त्याचें सर्व सामान 'वॅड' नांवाच्या एका फाइलींत निराळें बांधलेलें होतें. १९९७ सालीं कर्त्यांनीं प्रोग्रॅमचा मूळ मजकूर खुला केला, सामान मात्र स्वतःकडे राखलें. तेव्हां इतरांनीं 'फ्रीडूम' या नांवानें मुक्त सामान नव्यानें रचलें. डेबियनमध्यें तें '/यूएसआर/शेअर/गेम्स/डूम' येथें एकदांच ठेवलें जातें, आणि निरनिराळे प्रोग्रॅम त्याच एका सामानावर चालतात. सामान प्रोग्रॅमच्या पोटांत कोंबलें असतें, तर हें इतकें सुलभ झालें नसतें.

विंडोजमध्यें स्थिर सामान खेळाशेजारीं 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्यें राहूं शकतें. परंतु २००७ च्या व्हिस्टापासून विशेष परवानगीवांचून तेथें लिहितां येत नाहीं, म्हणून डाव 'ॲपडेटा'मध्यें ठेवावे. मॅकवर सामान खेळाच्याच गाठोड्यांत, 'रिसोर्सेस' फोल्डरांत जातें. मागाहून त्यांत कांहीं लिहिल्यास कर्त्याची डिजिटल सही मोडते.

प्रोग्रॅमनें सामानाचा पत्ता स्वतःच्या जागेवरून काढावा, किंवा तो बांधणीच्या वेळींच ठरवून द्यावा; खेळणारा ज्या फोल्डरांत उभा असेल, त्यावर मुळींच विसंबूं नये. गठ्ठा बांधल्यावर तो दुसऱ्या यंत्रावर, साध्या खात्यांतून चालवून पाहावा, आणि मगच मित्राच्या हातीं द्यावा.