नेट स्लो? आधी घर तपासा!

प्लॅन दणदणीत, डाउनलोड मात्र बैलगाडीच्या वेगानं! कस्टमर केअरशी भांडण्याआधी आणि महागडा प्लॅन घेण्याआधी फक्त वीस मिनिटं काढा. स्पीडचा चोर अनेकदा घरातच सापडतो.

रात्रीचे साडेदहा. सकाळी क्लायंटसमोर प्रेझेंटेशन आणि दोन जीबीचं फोल्डर अजून निम्मंही उतरलेलं नाही. कस्टमर केअरची ट्यून ऐकून ऐकून पाठ झालेली. शेवटी एकदाचा पलीकडून आवाज येतो आणि त्यासोबत हमखास ठरलेला सल्ला, 'सर, प्लॅन अपग्रेड करून घ्या ना!'

थांबा बॉस! लगेच कार्डाचा नंबर सांगू नका. घरून काम करणाऱ्यांसाठी स्लो नेट म्हणजे नुसती चिडचिड नसते. मीटिंगमध्ये तुमचा चेहरा तिसऱ्यांदा फ्रीज झाला, की दोष कंपनीच्या वायरीला जात नाही, तुम्हालाच जातो. त्यामुळे दुखणं नेमकं कुठे आहे ते आधी शोधायचं आणि औषधावर पैसे नंतर खर्च करायचे.

१०० चे १२ कसे झाले?

सुरुवात साध्या गणितानं करू. इंटरनेट कंपनी स्पीड सांगते मेगाबिटमध्ये आणि डाउनलोडची खिडकी दाखवते मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर खिडकीत जास्तीत जास्त साडेबारा दिसणार. ११-१२ दिसत असतील तर तुमचं नेट एकदम ठणठणीत आहे! या स्पीडला दोन जीबी उतरायला साधारण तीन मिनिटं लागायला हवीत. अर्धा तास लागत असेल तर मात्र पुढे वाचा.

वायर लावा, निकाल लावा

सगळ्यात महत्त्वाची टेस्ट हीच. घरातले बाकीचे फोन, टीव्ही नेटवरून काढा. लॅपटॉप थेट राउटरला लॅन केबलनं जोडा, वाय-फाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. मग केबल काढून राउटरशेजारी वाय-फायवर, आणि शेवटी तुम्ही रोज बसता त्या खोलीत. तीन आकडे कागदावर लिहा. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीला लावायचा अडॅप्टर मिळतो, नाहीतर मित्राचा लॅपटॉप आहेच!

वायरीवर स्पीड पूर्ण आणि खोलीत मात्र पाव, असं असेल तर लाइन चांगली आहे, वाय-फाय अडतंय. वायरीवरच कमी असेल तर केबल, राउटर किंवा कंपनीची लाइन तपासायची.

भिंती सिग्नल खातात

आपल्याकडे राउटर कुठे बसतो? इंस्टॉलेशनवाल्याला वायर ओढायला सोपं पडेल तिथे! टीव्हीच्या मागे, चपलांच्या रॅकवर नाहीतर थेट लोखंडी कपाटाला टेकून. काँक्रीटची भिंत, धातू, आरसा, फिशटँक हे सगळे सिग्नल अडवतात. राउटर घराच्या मधोमध, उंचावर आणि उघड्यावर हवा.

दुसरा फंडा बँडचा. बहुतेक राउटर दोन बँड देतात. २.४ गिगाहर्ट्झ लांबवर पोचतो, पण त्यावर एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच असतात, १, ६ आणि ११. त्यात अख्ख्या सोसायटीचे राउटर कोंबलेले! वर मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दम टाकतो. सेटिंगमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं द्या आणि जवळच्या खोलीत ५ वापरा. दोन भिंतींपलीकडच्या बेडरूमसाठी मात्र दुसरा ॲक्सेस पॉइंट किंवा मेश राउटर बसवणंच बरं. तिथे मोठ्या प्लॅनचा काही उपयोग नाही.

९४ वर अडकलाय?

प्लॅन २०० किंवा ३०० चा, आणि वायरीवर स्पीड ९४-९५ च्या पुढे सरकतच नाही? मग चोर पकडला गेलाच म्हणून समजा. स्वस्तातल्या अनेक राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. पोर्ट गिगाबिटचा असेल तर केबल बघा. तिच्यात आठ तारा असतात. १०० साठी त्यातल्या चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. दारात चेपून एक जरी तार तुटली, तरी जोडणी गुपचूप १०० वर उतरू शकते. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० दिसतोय की १००, ते बघा. गच्चीवरच्या स्विचमधून घरात वायर येते त्या बिल्डिंगमध्ये त्या वायरीलाही हाच नियम लागू. अशा वेळी अपग्रेडचे पैसे शब्दशः पाण्यात! चांगली कॅट-५ई केबल त्याहून कितीतरी स्वस्तात काम करते.

घरातले छुपे रुस्तम

फोन रात्री फोटोंचा बॅकअप घेतो. सीसीटीव्ही क्लाउडवर व्हिडिओ चढवतो. गेम कन्सोल स्वतःहून कित्येक जीबीचा अपडेट ओढतो. आणि अपलोड तुडुंब भरला की डाउनलोडही रखडतो, कारण आलेल्या डेटाची पोचपावती त्याच वाटेनं परत जात असते. ऑफिसचा व्हीपीएन चालू असताना आणि बंद असताना स्पीड मोजा. फक्त चालू असतानाच घसरत असेल तर फोन आयटी विभागाला करा.

डीएनएस बदला, स्पीड दुप्पट, हा सल्ला ऐकलाच असेल. त्यानं साइट उघडायला लागणारी सुरुवातीची वेळ कमी होऊ शकते, मोठी फाईल मात्र तेवढाच वेळ घेते.

रात्री नऊनंतरच का?

सकाळी सात वाजता स्पीड फुल्ल आणि रात्री पडतो? फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत साधारण अडीच जीबीपीएसची एक लाइन ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाऊ शकते. सगळे एकदम मॅच बघायला बसले की गर्दी होणारच, आणि कंपनीची पुढची लाइन अपुरी असेल तर आणखी. इथे तुमचा राउटर निर्दोष! महिनाअखेरीलाच स्पीड मरत असेल तर एफयूपीची मर्यादा संपली का, ते ॲपमध्ये बघा.

एखादीच परदेशी साइट रडतेय? तर कारण समुद्रातही असू शकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात केबल तुटल्या आणि त्याचा फटका भारतालाही बसला. तेव्हा राउटर कितीही वेळा बंद-चालू केला असता तरी काय होणार होतं!

फोन करताना हे हाताशी ठेवा

* वायरीवर घेतलेले स्पीडचे आकडे, तीन दिवसांचे, सकाळ आणि रात्र, वेळेसकट. स्क्रीनशॉट असतील तर उत्तम.
* फायबर असेल तर राउटरच्या सेटिंग पानावरचा आरएक्स पॉवर. उणे २० च्या आसपास ठीक, उणे २७ च्याही खाली म्हणजे सिग्नल अशक्त. वायर कुठे काटकोनात दुमडली आहे का, ते बघा. एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर सिग्नलच येत नाहीये.
* तक्रारीचा डॉकेट नंबर. तो घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. दाद मिळाली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

'नेट स्लो आहे' म्हणणाऱ्याला अपग्रेडचा सल्ला मिळतो. 'वायरीवर रात्री दहाला २२, सकाळी सातला ९४' म्हणणाऱ्याकडे माणूस पाठवावा लागतो. फरक फक्त कागदावरच्या आकड्यांचा आहे, आणि ते मोजायला एक पैसाही लागत नाही!