रात्रीच्या लाइनची सवय होते का?

रब्बीचं पाणी सुरू झालं की किन्हीराजात (ता. मालेगाव, जि. वाशीम) ओट्यावर एक वाक्य हमखास कानी पडतं : "आता सवय पडली, रात्रीचं काई वाटत नाही." शेतीची थ्री-फेज लाइन चक्राकार पद्धतीने कधी दिवसा, कधी रात्री. मग हरभऱ्याच्या ओलितासाठी थंडीत बॅटरी घेऊन वावरात जायचं, तुषारचे गार पाइप चिखलातून उचलून पुढच्या पट्ट्यात जोडायचे. बोलणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटतं. पण शिकलेली माणसंही त्यावर मान डोलावतात, तेव्हा मला राग येतो.

सवय होते ती जागं राहण्याची. मेंदूतलं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं आणि दिवसाला साधारण तासभरच सरकतं. सात-आठ तासांची उलथापालथ पचवायला त्याला आठवडा लागेल. तोवर लाइन पुन्हा दिवसाची झालेली असते. त्यात सकाळी घरी परतताना समोरून ऊन येतं आणि घड्याळ परत दिवसावर लावून टाकतं.

"कायम रात्रपाळीवाल्याला तरी होत असेल ना?" त्याचंही उत्तर आहे. संशोधक सायमन फोकार्ड यांनी २००८ मध्ये कायम रात्रपाळी करणाऱ्यांवरचे अभ्यास एकत्र तपासले. शरीरातल्या मेलाटोनिन या झोपेशी जोडलेल्या संप्रेरकाची लय पूर्णपणे रात्रपाळीला जुळलेले लोक ३ टक्क्यांहूनही कमी निघाले.

हे कळतं कसं, हे सांगायलाच हवं, कारण "झोपेत कोण मोजतं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. १९९९ साली हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने निष्कर्ष मांडले. त्यांनी लोकांना जवळपास महिनाभर मंद उजेडात, घड्याळ-खिडकीविना ठेवलं आणि २८ तासांचा 'दिवस' जगायला लावला. महिनाभराची सवय! तरीही आतलं घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांवरच चालत राहिलं. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनीही माणसाला वेळेपासून तोडून ठेवणारी कोठडी उभारली होती. अशा प्रयोगात समन्वयकाचं काम डोळ्यांत तेल घालून करायचं असतं. आत जाणाऱ्याने "शुभ सकाळ" म्हणायचं नाही, मनगटावर घड्याळ ठेवायचं नाही. मेलाटोनिनसाठी ठरल्या वेळी लाळेचा नमुना घ्यायचा, त्याआधी चहा नाही, खाणं नाही. खोलीत कुणी मोबाइल उघडला, तरी त्या उजेडाने मेलाटोनिन दबतं आणि नमुना वाया जाऊ शकतो.

आतलं घड्याळ असं हटत नाही, म्हणून पहाटे तीन ते पाचच्या सुमारास, शरीराचं तापमान सर्वांत खाली असताना, सवयीचा माणूसही चुकतो. नेमका तेव्हा ओला हात स्टार्टरकडे जातो. दिवसा झोपून भरपाईही पुरती होत नाही; घड्याळ उठवत असतं, वर पत्रा तापतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. झोप तपासताना डोक्याला लावलेल्या वायरी करंट सोडत नाहीत, मेंदूचे सूक्ष्म संकेत फक्त टिपतात. झोपेच्या अभ्यासात सही केली म्हणजे अडकलो, असंही नाही : आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माहिती आपल्या भाषेत मिळायला हवी आणि कधीही बाहेर पडता येतं, उपचार थांबत नाहीत. मोठं घोरणं हे गाढ झोपेचं लक्षण नव्हे; मध्येच श्वास अडकत असेल तर तपासून घ्या. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते. म्हातारपणी झोप तुटक होते, गरज मात्र सात-आठ तासांचीच राहते.

रात्री पाणी द्यावंच लागलं, तर परतताना टोपी-दुपट्ट्याने डोळ्यांवर सावली धरा, खोली अंधारी करून लगेच झोपा आणि वायरिंगची कामं उजेडात उरका. एवढ्याने त्रास कमी होईल, संपणार नाही. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. ग्रामसभेत आपल्या फीडरचं काय झालं ते विचारा, आणि "सवय झाली" हे उत्तर कुणाकडूनही ऐकून घेऊ नका.