छोट्या पाणबुडीचे सांधे

समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या नागपुरांत पाणबुडीविषयीं बोलावयास बसलों आहें, हें पाहून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु मला आज जिच्याविषयीं बोलावयाचें आहे त्या पाणबुडीस पाण्याची गरजच नाहीं. ती एका खोक्यांतून सुट्या भागांच्या रूपानें निघते, जेवणाच्या मेजावर जोडली जाते आणि शेवटीं कांचेच्या कपाटांत विसावते.

नागपूरच्या दक्षिणेस बेसा म्हणून ठिकाण आहे. पूर्वीं तेथें शेतें होतीं; आतां उंच इमारतींची दाट वस्ती झाली आहे. त्यांपैकीं एका इमारतींत माझा पुतण्या राहतो. तो नववींत आहे आणि नौदलांत जावयाचें हें त्यानें मनाशीं ठरवून ठेविलें आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत त्यानें ‘किलो’ जातीच्या रशियन पाणबुडीचा संच आणला. आपल्या नौदलानें १९८६ पासून घेतलेल्या सिंधुघोष वर्गाच्या पाणबुड्या याच जातीच्या. संच जोडून झाला तेव्हां कवचाच्या दोन अर्धांमध्यें एक फट राहिली. घराला नुकताच रंग दिला होता व भिंतीची थोडी पुट्टी उरली होती. तीच त्यानें फटींत दाबून भरली, वर काळा रंग दिला आणि घरच्या मंडळींची शाबासकी मिळविली. मे महिन्यांत मी त्यांच्याकडे गेलों, तों तो पाणबुडी हातांत घेऊन खिन्न बसला होता. पुट्टीला जागोजाग आडव्या चिरा गेल्या होत्या आणि तिच्या खपल्या निघत होत्या. “काका, मला हें जमायचें नाहीं,” एवढेंच तो म्हणाला.

मुलगा चुकला होता, परंतु त्याची चूक आळसाची नव्हती. वस्तूच्या निवडीची होती. तशी चूक मोठीं माणसेंही करतात. म्हणून फट कशानें भरावी व मुळांत ती किती भरावी, याचा आज आपण विचार करूं. आपले सुतार व रंगारी खडूची पूड जवसाच्या तेलांत मळून फट भरण्याचा जो लगदा करीत आले, त्यास लांबी म्हणतात. पुढें मी लांबी म्हणेन तेव्हां ती ही लांबी, मापाची नव्हे.

प्रथम हें पाहूं कीं, पाणबुडीच्याच बाबतींत हा प्रश्न एवढा बिकट कां होतो. साध्या जहाजाच्या प्रतिकृतीवर डोलकाठ्या, तोफा, कठडे, होड्या यांची इतकी गर्दी असते कीं, एखादा वांकडा सांधा त्यांच्या आड सहज दडतो. पाणबुडीला असा कोणताच आडपडदा नाहीं. तिचें अंग माशासारखें गुळगुळीत, रंग एकच आणि तोही काळसर. दिव्याचा उजेड तिरपा पडला कीं सांध्यावरील केसाएवढी रेघ नजरेंत भरते. शिवाय प्रमाणाचा विचार करावा. मूळ पाणबुडी सुमारें ७३ मीटर लांब. ३५० पट लहान केलेली प्रतिकृति सुमारें २१ सेंटिमीटरांची होते. या प्रतिकृतीवर अर्ध्या मिलीमीटरची पायरी राहिली, तर खऱ्या पाणबुडीवर ती साडेसतरा सेंटिमीटरांची होईल! अशी पायरी अंगावर घेऊन कोणतीही पाणबुडी गोदीबाहेर पडणार नाहीं.

खऱ्या पाणबुडीस तर लांबी भरण्याची सोयच नाहीं. पाण्याखालीं दर दहा मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढत जातो. शंभर मीटरांवर दर चौरस सेंटिमीटरास सुमारें दहा किलोचा भार पडतो. तेथें वरून लिंपलेलें कांहीं टिकणार नाहीं. म्हणून पोलादाचीं वर्तुळाकार कडीं एकमेकांस वितळवून जोडतात, आणि जोड आंतून भरीव आहे कीं नाहीं हें क्ष-किरणांसारख्या साधनांनीं तपासतात. मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली ‘शल्की’ ही भारतांत तयार झालेली पहिली पाणबुडी. ती ७ फेब्रुवारी १९९२ रोजीं नौदलांत दाखल झाली. त्याच गोदींत बांधलेली नवी ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ रोजीं दाखल झाली. या गोदीकडून मेजावरच्या कारागिरानें घ्यावयाचा पहिला धडा असा कीं, आधीं सांधा, मग लांबी.

आपल्या संचांतील प्लॅस्टिक बहुधा पॉलिस्टायरिन असतें. त्याचें पातळ सिमेंट म्हणजे डिंक नव्हे. तें प्लॅस्टिकच्या दोन्ही कडा विरघळवितें आणि कडा एकजीव होतात. गोदींतील वेल्डिंगचाच हा घरगुती अवतार म्हणावा. म्हणून दोन्ही अर्ध प्रथम कोरडेच जुळवून पाहावेत, उंचवटे कानशीनें काढावेत, आणि सिमेंट लावल्यावर ते असे दाबून बांधावेत कीं वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक वरवंटी सांध्यावर येईल. दोन दिवसांनीं ती खरवडली कीं पुष्कळदां लांबीची गरजच उरत नाहीं. फट मिलीमीटरहून मोठी असेल तर तींत लांबी कोंबूं नये. त्याच प्लॅस्टिकची पातळ पट्टी कापून बसवावी व सिमेंटनें जोडावी. कांहीं संच पॉलियुरेथेनच्या राळेचे ओतलेले असतात. त्यांस हें सिमेंट लागू पडत नाहीं. त्यांच्यासाठीं झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट अथवा दोन भागांचा इपॉक्सी घ्यावा, आणि तत्पूर्वीं भाग साबणाच्या पाण्यानें धुवावेत, कारण सांच्यांतून सुटण्यासाठीं लावलेला तेलकट लेप त्यांवर राहिलेला असतो.

एवढें करूनही जी उणीव राहील तीपुरती लांबी. ती निवडण्याची कसोटी एकच : ज्या अंगावर ती बसावयाची, त्या अंगाशीं तिचें जमलें पाहिजे. अंग तापून वाढलें तर तिनें बरोबर वाढावें, अंग जेवढें कठीण तेवढीच तीही कठीण असावी, आणि त्याला तिनें घट्ट धरावें.

या कसोटीवर भिंतीची पुट्टी प्रथम पाहूं. तींत बहुधा पांढरें सिमेंट व खनिजांची पूड असते. भिंतीवर ती उत्तम, कारण भिंतही त्याच जातीची. परंतु पॉलिस्टायरिनची मीटरभर पट्टी एका अंशाच्या उष्णतेनें सुमारें ०.०७ ते ०.०८ मिलीमीटर वाढते. सिमेंट याच्या सातव्या हिश्श्याइतकेंच वाढतें. नागपुरांत जानेवारीच्या पहांटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो व मे महिन्यांत पंचेचाळिसाच्या वर जातो. पुतण्याचें कपाट पश्चिमेच्या खिडकीशीं होतें. तेथें हिंवाळा व उन्हाळा यांत तीस अंशांचें अंतर धरलें, तरी त्याच्या पाणबुडीचें अंग सुमारें अर्धा मिलीमीटर वाढलें असणार. पुट्टीला तें वाढणें जमलें नाहीं, म्हणून ती आडवी चिरली. गुळगुळीत प्लॅस्टिकवर तिची पकड नव्हती, म्हणून ती सुटली. चिरा आडव्या कां गेल्या, याचें उत्तर या हिशेबांत आहे.

दुसरी, मोटारी रंगविणारे वापरतात ती एक भागाची, थिनरच्या वासाची पातळ पुट्टी. थिनर उडून गेला म्हणजे ती सुकते. अर्थात् जेवढा थिनर उडाला तेवढी ती आक्रसते. जाड थर दिला तर आठवड्यानें सांध्यावर खळगा दिसूं लागतो. ओरखडे व सुईएवढीं छिद्रें यांपुरती ती चांगली. थर कागदासारखे पातळ द्यावेत व प्रत्येकास पुरतें सुकूं द्यावें.

तिसरी, मोटारीचे पोचे भरण्याची दोन भागांची पॉलिएस्टर पुट्टी. हिच्यांत कठीण करणारी पेस्ट मिसळावी लागते. ती सुकत नाहीं, रासायनिक क्रियेनें घट्ट होते. म्हणून फार थोडी आक्रसते आणि घांसण्यासही सोपी जाते. मोठ्या प्रतिकृतींवरील रुंद पायऱ्यांस ही योग्य. मात्र तिचा वास उग्र असतो.

चवथी, दोन गोळे सारखे मळून करावयाची इपॉक्सी. आपल्याकडे नळाची गळती थांबविण्यासाठीं घरोघर असलेली एम-सील ही त्याच जातीची. ती आक्रसत नाहीं, राळेलाही धरते आणि ओल्या बोटानें हवा तसा आकार घेते. पाणबुडीच्या पाठीवरील मनोरा जेथें अंगास मिळतो तेथील गोलाई करण्यास हिच्यासारखें दुसरें साधन नाहीं. दोष एवढाच कीं, घट्ट झाल्यावर ती पॉलिस्टायरिनहून कठीण होते. मग घांसतांना शेजारचें मऊ प्लॅस्टिक झिजतें आणि इपॉक्सीचा उंचवटा तसाच राहतो. म्हणून तिला ओली असतांनाच गुळगुळीत करावें. घांसण्यावर भिस्त ठेवूं नये.

पांचवा प्रकार म्हणजे फेवीक्विकसारखा सायनोॲक्रिलेट व त्यांत मिसळलेली टाल्कम पावडर. ही लांबी पटकन धरते व आक्रसत नाहीं. परंतु वेळ जाईल तसतशी अधिक कठीण होते, म्हणून घट्ट झाल्यावर तासाभराच्या आंत घांसून घ्यावी. टाल्कमऐवजीं खाण्याचा सोडा घातला तर ती क्षणांत दगड होते. सुधारण्यास अवधि मिळत नाहीं. हा पदार्थ हवेंतील ओलाव्यानें घट्ट होतो, त्यामुळें आपल्या कोरड्या उन्हाळ्यांत त्यास पावसाळ्यापेक्षां अधिक वेळ लागतो.

शेवटची लांबी विकत आणावी लागत नाहीं. संचाचे भाग ज्या चौकटीस जोडलेले येतात, त्या चौकटीचे बारीक तुकडे प्लॅस्टिकच्या पातळ सिमेंटांत टाकून बाटली बंद ठेवावी. एकदोन दिवसांत मधासारखा दाट रस तयार होतो. ही लांबी म्हणजे पाणबुडीचेंच प्लॅस्टिक. ती तेवढीच वाढते, तेवढीच घांसली जाते आणि अंगाशीं एकजीव होते. तीही आक्रसते, आणि सुकण्यास कित्येक दिवस घेते; एकदम फार ओतली तर पातळ कवचच विरघळवून टाकते. परंतु ज्याला घाई नाहीं त्यानें पॉलिस्टायरिनसाठीं हिचीच निवड करावी.

आणखी एक अडचण या जातीच्या पाणबुडीची. खऱ्या पाणबुडीच्या अंगावर ध्वनि शोषून घेणाऱ्या रबराच्या लाद्या असतात. चांगल्या संचांत त्यांच्या रेघा कोरलेल्या असतात. लांबी या रेघा बुजविते, व त्या सुईनें पुन्हां कोराव्या लागतात. ठिसूळ पुट्टीवर रेघेच्या कडा ढांसळतात, दगडासारख्या सायनोॲक्रिलेटवर सुई घसरते. चौकटीच्या रसावर मात्र रेघ स्वच्छ उमटते. लांबी भरण्यापूर्वीं सांध्याच्या दोन्ही बाजूंस चिकटपट्टी लावली, तर बऱ्याच रेघा मुळांतच वांचतात.

घांसण्यासाठीं पाण्याचा पॉलिश पेपर घ्यावा. प्रथम ४००, मग ६००, शेवटीं १००० क्रमांकाचा. पाणी लावून घांसल्यानें धूळ उडत नाहीं, आणि ही धूळ छातींत जाऊं न देणें अगत्याचें आहे. सिमेंट, थिनर व पॉलिएस्टर यांचें काम उघड्या खिडकीपाशीं, वडील माणसाच्या देखत व विस्तवापासून दूर करावें. सायनोॲक्रिलेट कापसावर अथवा सुती कपड्यावर सांडूं देऊं नये. तेथें तो एकाएकीं इतका तापतो कीं भाजूं शकतें. आणि कवचांत थर्मोकोल भरून त्यावर सिमेंट ओतूं नये. थर्मोकोल हेंही फुगविलेलें पॉलिस्टायरिनच, तें पाहतां पाहतां विरघळून जाईल.

घांसून झालें म्हणजे राखी रंगाचा पातळ अस्तर द्यावा आणि दिवा बाजूस धरून पाहावें. प्लॅस्टिक एका रंगाचें व लांबी दुसऱ्या रंगाची असतांना जे दोष डोळ्यांस दिसत नव्हते, ते एकरंगी अस्तराखालीं आपण होऊन पुढें येतात. गोदीला जे क्ष-किरण, तोच आपणांस हा अस्तर. दोष दिसला तर मागें जावें. काळा रंग तो झांकील या आशेवर पुढें जाऊं नये.

पुतण्यास मीं हें सारें सांगितलें नाहीं. त्याच्याजवळ नुसता बसलों. खपल्या त्यानेंच खरवडल्या. खालीं पाहतों तों फट सर्वत्र सारखी नव्हती. शेपटीकडे आंतली एक खुंटी भोंकांत पुरती गेलीच नव्हती आणि दोन्ही अर्धांस तीच दूर ठेवीत होती. ती कापतांच कवच हातांनीं दाबून जवळ जवळ मिटलें. उरलेल्या केसभर रेषेसाठीं चौकटीचा रस पुरला, आणि तो सुकेपर्यंत आठ दिवस वाट पाहण्याचें कठीण काम त्यानें न कुरकुरतां केलें. राखी अस्तर दिल्यावर तो दिव्याशीं बराच वेळ पाणबुडी फिरवीत होता. “अजून एक जागा आहे, काका,” असें म्हणून त्यानें पुन्हां पॉलिश पेपर उचलला.

श्रोतेहो, त्या दिवशीं त्याला शाबासकी देण्याची मला गरज वाटली नाहीं. दिवाळींत ज्यानें फट लपविली होती, तोच मुलगा आतां ती शोधीत होता. पुढें तो नौदलांत जाईल कीं नाहीं हें आज कोण सांगणार? परंतु ज्या गोदींत खऱ्या पाणबुड्या बांधतात, तेथेंही माणसाच्या अंगीं प्रथम हाच गुण पाहतील, एवढें मला खचित वाटतें.