मॅप सेन्सर : बूस्टचे आकडे आणि गॅरेजमधल्या समजुती

कवठे महांकाळ परिसरात गाडीची चावी नुसती ऑन केली आणि इंजिन न चालवता स्कॅनर जोडला, तर सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या दाबाचा आकडा ९४ किलोपास्कलच्या आसपास येतो. शंकेला सुरुवात इथेच होते. शाळेच्या पुस्तकात हवेचा दाब १०१ किलोपास्कल. मोबाइलवरचं हवामानही १०१० हेक्टोपास्कल, म्हणजे पुन्हा १०१च सांगतंय. मग सेन्सर सातने खाली का? निष्कर्ष तयार असतो : सेन्सर गेला, नवा मागवा.

सेन्सर ठणठणीत असतो. हवामानाच्या बातमीतला आकडा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, म्हणजे गावाच्या उंचीमुळे कमी झालेला दाब हिशेबाने परत मिळवलेला असतो. मिरजेकडून पंढरपूरच्या दिशेने निघालं की हा भाग समुद्रापासून साधारण सहाशे मीटर उंचीवर येतो, आणि या उंचीपर्यंत दर शंभर मीटरला सव्वा किलोपास्कलच्या आत-बाहेर दाब उतरतो. त्या हिशेबाने ९४ हा आकडा बरोबरच आहे. उलट इथे चावी ऑन करून १०१ दिसलं, तर मात्र सेन्सरकडे किंवा ईसीयूतल्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकातल्या, सेटिंगकडे संशयाने पाहावं.

टर्बो ही आता हौशी लोकांची चैन राहिलेली नाही. रांजणगावात बनलेलं फियाटचं १२४८ सीसीचं मल्टीजेट डिझेल, २०१४ साली झेस्टमधून आलेलं टाटांचं १.२ लिटरचं रेव्होट्रॉन टर्बो पेट्रोल, चाकणच्या पोलोतलं टीएसआय, अशी इंजिनं जुन्या बाजारातून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली आहेत. त्यांच्यामागून रीमॅप आणि ‘बूस्ट वाढवून देतो’ हा धंदाही पोचला. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा जादा दाब, वाढवायचं म्हटलं की मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत मॅप सेन्सर, बदलायचा विषय निघतोच, आणि त्याच्याभोवती समजुतींचं रान माजलेलं आहे.

सगळ्यात पक्की समजूत अशी, की तीन बारचा सेन्सर तीन बार बूस्ट मोजतो. मोजत नाही. या गोंधळाचं कारण आपल्या रोजच्या सवयीत आहे. पंक्चरवाल्याकडचं गेज रिकाम्या टायरला शून्य दाखवतं. द्राक्षबागेतल्या फवारणीच्या पंपावरचं गेजही पंप बंद असताना शून्यावर असतं. ही गेजं भोवतालच्या हवेपेक्षा किती जास्त, एवढंच सांगतात. डॅशबोर्डवर चिकटवलेलं बूस्ट गेजही याच जातीचं. मॅप सेन्सर मात्र निर्वात पोकळीपासून मोजायला सुरुवात करतो, त्याला निरपेक्ष दाब म्हणतात. त्यामुळे बाहेरच्या हवेचा जवळजवळ एक बार त्याच्या पट्टीत आधीच खर्ची पडलेला असतो. तीन बारचा, म्हणजे ३०० किलोपास्कलचा सेन्सर समुद्रकाठी जेमतेम दोन बार बूस्टपर्यंत साथ देतो. पीएसआयमध्ये सांगायचं तर २९.

निवडीचं गणित इथून सुरू होतं आणि ते तीन आकड्यांच्या बेरजेपलीकडे जात नाही : हवं असलेलं बूस्ट, बाहेरच्या हवेचा दाब आणि थोडी सूट. सूट अशासाठी, की जोर आवरणारं वेस्टगेट उघडेपर्यंत टर्बो ठरलेल्या बूस्टच्या क्षणभर वर उसळतो. बाहेरचा दाब धरताना आपल्या गावचा धरायचा नाही, गाडी ज्या सर्वात खालच्या ठिकाणी जाईल तिथला धरायचा. कवठे महांकाळवरून जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्ग आंबा घाटातून कोकणात उतरतो, तेव्हा १०१ धरणंच शहाणपणाचं. बूस्ट १.२ बार ठेवायचं असेल तर १२० अधिक १०१ म्हणजे २२१, वर उसळीचे वीस धरले की २४१. इथे २५० किलोपास्कलचा सेन्सर अगदी काठावर येतो. तो घेण्यापेक्षा ३००चा घ्यावा. बूस्ट ०.८ बारवरच थांबणार असेल तर मात्र २५०चा सेन्सर पुरून उरतो आणि मोठ्यासाठी जादा पैसे घालवायचं कारण नाही.

सेन्सर काठावर आला तर काय होतं? तो फुटत नाही, मुका होतो. दाब २६० झाला काय किंवा २८० झाला काय, तो आपल्या शेवटच्या व्होल्टेजवर अडकून बसतो. वाढलेल्या हवेची खबर ईसीयूला मिळत नाही आणि पेट्रोल आहे तेवढंच पडत राहतं. काही गाड्यांत ईसीयू या अडकलेल्या व्होल्टेजलाच बिघाड समजतो, ‘पी ०१०८’ हा कोड टाकतो आणि ताकद काढून घेतो. मग गॅरेजमध्ये त्याच क्षमतेचा नवा सेन्सर बसतो, कोड पुसला जातो आणि पुढच्या चढावर पुन्हा येतो.

आता सगळ्यात महागात पडणारी समजूत : मोठा सेन्सर बसवला की गाडीचा पिकअप वाढतो. हिची उलटतपासणी आकड्यांनीच करायला हवी. मोटोरोलाने काढलेला, पुढे फ्रीस्केलच्या आणि मग एनएक्सपीच्या नावाने विकला गेलेला एमपीएक्स ४२५० हा सेन्सर २० ते २५० किलोपास्कल मोजतो. मेगास्क्वर्टसारख्या हौशी ईसीयूंमध्ये तो वर्षानुवर्षं वापरात आहे. त्याच घराण्यातला एमपीएक्सएच ६४०० हा ४०० किलोपास्कलपर्यंत जातो. दोघेही पाच व्होल्टवर चालतात आणि दाबाच्या प्रमाणात व्होल्टेज देतात, पण प्रमाण दोघांचं वेगळं. दाब २०० किलोपास्कल असताना मोठा सेन्सर साधारण २.३८ व्होल्ट देतो. ईसीयूत जुन्या, छोट्या सेन्सरचीच पट्टी राहिली असेल तर तो या २.३८ व्होल्टचा अर्थ १२९ किलोपास्कल असा लावतो. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये २०० किलोपास्कलची हवा कोंबली जात आहे आणि इंधनाचा हिशेब १२९ चा चाललाय, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त पेट्रोल कमी.

बरं, ईसीयू याच आकड्यावरून ठिणगी कधी टाकायची तेही ठरवतो. दाब कमी दिसला की तो ठिणगी लवकर टाकतो. आधीच इंधन तोकडं, त्यात ठिणगी घाईची : दुष्काळात तेरावा महिना. नॉकिंग सुरू होतं, पिस्टनच्या माथ्यावरचं तापमान चढतं आणि पुढचं काम मशीन शॉपवाल्याचं. मधल्या काळात मालकाला गाडी जरा ‘हलकी’ वाटलेलीही असते, हा यातला खरा घात आहे. सेन्सर ताकद देत नाही. तो मोजतो. ताकद टर्बो, इंधन आणि ठिणगीच्या जुळणीतून येते. सेन्सर बदलला की ईसीयूतली त्याची पट्टी त्याच बैठकीत बदलायची, मगच स्टार्टर मारायचा.

याच्या अगदी विरुद्ध टोकाची समजूतही ऐकू येते, की मोठ्या सेन्सरने आयडलिंग बिघडतंच. यात थोडं तथ्य आहे, पण सांगितलं जाणारं कारण चुकीचं. सांगतात असं, की मोठ्या पट्टीवर बारीक फरक दिसत नाहीत. दहा बिटांचा जुना ईसीयू पाच व्होल्टचे १०२४ भाग करतो. त्यात २५०च्या सेन्सरला एक भाग म्हणजे पाव किलोपास्कल, ४००च्या सेन्सरला ०.४ किलोपास्कल. आयडलला मॅनिफोल्डमध्ये ३५ किलोपास्कल धरले तरी हा फरक एका टक्क्याच्या जवळपास, आणि बारा बिटांच्या ईसीयूत तर त्याच्या चौथाई. एवढ्याने कुठलं इंजिन अडखळत नाही. खरी गोम अचूकतेच्या व्याख्येत आहे. उत्पादक ‘दीड टक्का’ म्हणतो तो पूर्ण पट्टीचा दीड टक्का. ४००च्या सेन्सरला ती चूक ५.७ किलोपास्कलपर्यंत जाऊ शकते, २५०च्या सेन्सरला साडेतीनपर्यंत. पूर्ण बूस्टमध्ये हे आकडे किरकोळ असतात, ३५ किलोपास्कलच्या आयडलला मात्र ते चांगलेच जाणवतात.

यावर एक साधी तपासणी आहे आणि ती फार कमी ठिकाणी होते. चावी ऑन, इंजिन बंद, मल्टीमीटरची एक सुई सिग्नलच्या वायरवर आणि दुसरी सेन्सरच्या ग्राउंडवर. बाहेर ९४ किलोपास्कल असताना एमपीएक्स ४२५० सुमारे १.६८ व्होल्ट देईल, ६४०० सुमारे १.१० व्होल्ट देईल, आणि जुन्या जनरल मोटर्सच्या धाटणीचा तीन बारचा सेन्सर सुमारे १.४८ व्होल्ट. आकडा पुष्कळ लांब असेल तर एक तर सेन्सर नकली आहे, नाही तर डब्यावर लिहिलेला नाही. बाहेरचा खरा दाब हवा असेल तर बॅरोमीटर असलेल्या मोबाइलचा थेट आकडा घ्यावा, समुद्रसपाटीचा नव्हे. हातपंपाने निर्वात करून खालच्या बाजूचाही एक बिंदू तपासला तर उत्तमच. हे सगळं पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त सेन्सरच्या बाबतीत तर ते टाळूच नये.

सेन्सर बसवायचा कुठे, यावरही मतं ठाम असतात. लांब नळीमुळे सेन्सर ‘उशिरा’ वाचतो म्हणून तो मॅनिफोल्डवरच हवा, असा एक आग्रह. नळीतून दाबाची लाट आवाजाच्या वेगाने जाते, म्हणजे एक मीटरला सुमारे तीन मिलिसेकंद. चार सिलिंडरचं इंजिन ६००० आरपीएमवर असताना दोन सिलिंडरांच्या ओढीत पाच मिलिसेकंदांचं अंतर असतं, तेव्हा फरक पडतो, पण आभाळ कोसळत नाही. नळीचे खरे शत्रू वेगळेच आहेत : टर्बोजवळची उष्णता, चिमटलेलं वळण आणि आत साचणारं तेल. सेन्सर मॅनिफोल्डपेक्षा उंचावर ठेवावा म्हणजे ओघळ परत खाली जातो. उघड्या चिपच्या सेन्सरला तर कोरडी हवाच मानवते, पेट्रोलची वाफ नाही. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हच्या नळीला टी मारून जोडणी करणं ही निव्वळ आळशी कारागिरी. मॅप सेन्सरला स्वतःची नळी हवी, तीही थ्रॉटलच्या पुढच्या टाकीतून, एखाद्याच सिलिंडरच्या नळकांड्यातून नव्हे. पेट्रोल टर्बोत थ्रॉटलच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब अर्ध्या पायावर वेगवेगळा असतो. म्हणूनच फोक्सवॅगनच्या टीएसआयमध्ये दोन सेन्सर दिसतात : जी ३१ थ्रॉटलच्या आधी, जी ७१ मॅनिफोल्डवर. एकाच्या जागी दुसऱ्याची गरज भागत नाही.

दाब कळला म्हणजे हवा कळली, हेही अर्धसत्य. एप्रिलच्या दुपारी मॅनिफोल्डमध्ये ४० अंशांची हवा असेल, तर त्याच दाबाला ती २० अंशांच्या हवेपेक्षा सहा टक्क्यांनी विरळ असते. इंटरकूलर तापला की हा फरक आणखी वाढतो. त्यामुळे नवीन जुळणीत दाब आणि तापमान एकाच घरात मोजणारा सेन्सर घेणं सोयीचं, फक्त त्यातल्या तापमानाचीही पट्टी ईसीयूत वेगळी भरावी लागते, आणि ती भरायची विसरण्याचं प्रमाण मोठं आहे.

घाटाचा मुद्दा वर आलाच आहे. काही साधे ईसीयू बाहेरचा दाब फक्त चावी ऑन करताना एकदाच पाहतात आणि तोच धरून बसतात. कवठे महांकाळहून निघालेली गाडी न थांबता रत्नागिरीला पोचली, तर बाहेर १०१ असतानाही ईसीयूच्या डोक्यात ९४च राहतात आणि त्यावर आधारलेली इंधनाची दुरुस्ती चुकत जाते. महाबळेश्वरला सुमारे ८६ असतात, म्हणजे साताऱ्याच्या बाजूला उलटा प्रकार. घाटांच्या मुलखात बाहेरच्या दाबासाठी दुसरा, साधा एक बारचा सेन्सर लावणं ही चैन मानू नये.

डिझेलवाल्यांचा प्रश्न वेगळ्याच सेन्सरचा असतो. ‘प्रेशर सेन्सरला डबी लावतो’ असं सांगणारे बहुतेक वेळा कॉमन रेलच्या इंधनदाबाबद्दल बोलत असतात. तिथला सेन्सर १६०० बार आणि त्याहून वरच्या दुनियेतला. डबी ईसीयूला खरा दाब कमी भासवते, मग ईसीयू तो वाढवतो. ही मोजणी सुधारणं नव्हे, मोजणीत खोट घालणं आहे.

राहिली पीयूसी. ती पास झाली म्हणजे ट्यूनिंग बरोबर, असं मानणारे कमी नाहीत. पेट्रोल गाडीची ती चाचणी उभ्या गाडीवर, भाराशिवाय होते. तेव्हा मॅनिफोल्डमध्ये बूस्ट नसतंच, ओढ असते. पूर्ण बूस्टमध्ये इंधन तोकडं पडतंय की जास्त, याचा त्या कागदाशी काही संबंध नाही. ते पाहायला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि डायनो लागतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने रस्त्यावरच्या गाडीत मूळ नोंदीपासून हटणारे बदल बांधून ठेवले आहेत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये त्यावर बोट ठेवलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. वाढवलेल्या बूस्टची गाडी ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीसारख्या बंदिस्त ठिकाणी पळवायची असेल, तर ती तिथपर्यंत ट्रेलरवरून नेणारे लोक उगाच खर्च करत नाहीत.