धावपट्टीपर्यंतची वाट

३ ऑगस्ट २०१८. सौदी अरेबियातल्या रियाध विमानतळावरून जेट एअरवेजचे बोइंग ७३७ रात्रीच्या वेळी मुंबईला निघाले होते. आत दीडशेच्या आसपास माणसे. उड्डाणासाठी ‘३३ आर’ ही धावपट्टी मिळाली होती. वैमानिकांनी विमान वळवले, इंजिनांना जोर दिला आणि विमान धावू लागले. पण ते धावपट्टीवर नव्हतेच. धावपट्टीला समांतर असलेल्या टॅक्सीवेवर, म्हणजे विमानांनी सावकाश चालत जायच्या रस्त्यावर, ते सुटले होते. उड्डाण सोडून दिले गेले, तरी रस्ता संपून मोकळ्या जमिनीत शिरल्यावरच विमान थांबले. कोणी दगावले नाही.

दोन्ही वैमानिकांचे परवाने निलंबित झाले. ती बातमी वाचून माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला, “प्यायले होते का?” हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितो आहे. मी पेठचा. आमच्या तालुक्यात विमान म्हणजे डोंगरावरून जाणारी पांढरी रेघ, आणि टॅक्सी म्हणजे नाशिकला जाणारी काळी-पिवळी. विमानशास्त्र मी कुठल्या संस्थेत शिकलेलो नाही. विमान अपघातांचे चौकशी अहवाल कोणालाही वाचायला खुले असतात. शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचत गेलो, एवढीच माझी पात्रता.

आधी वाट समजून घेऊ. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचे शून्य गाळून. मुंबईची २७ क्रमांकाची धावपट्टी २७० अंशांकडे, म्हणजे पश्चिमेला तोंड करते. तीच दुसऱ्या टोकाकडून ०९ होते. दोन समांतर पट्ट्या असतील तर डावी-उजवी कळावी म्हणून पुढे एल किंवा आर लावतात. रात्री धावपट्टीचे दिवे मुख्यतः पांढरे, टॅक्सीवेच्या मध्यरेषेचे हिरवे आणि कडेचे निळे. धावपट्टीच्या तोंडाशी लाल पाटीवर पांढरे आकडे असतात. तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकायचे नाही.

मग हिरव्या दिव्यांच्या रस्त्याला दोन प्रशिक्षित माणसे धावपट्टी कशी समजतात? याचे उत्तर मला अहवालांइतकेच आमच्या सावळघाटाने दिले. आषाढात घाटात धुके उतरले की नवा ड्रायव्हर दर वळणाला काच खाली करून बघतो. रोजचा ड्रायव्हर मात्र पाठ असलेल्या वळणांवर गाडी नेतो. जे वळण यायला हवे ते त्याला आधीच दिसलेले असते. विमानातही तसेच होते. ‘आता पुढचे वळण धावपट्टीचे’ असे मनाने एकदा धरले की डोळे त्याला दुजोरा देणाऱ्या खुणा वेचतात आणि उलट सांगणाऱ्या सोडून देतात. हे झोपेत किंवा नशेत होत नाही. उलट, सवयीच्या आणि आत्मविश्वासाच्या माणसाकडून ते सहज होते.

त्यात ही वाट रिकामी नसते. जमिनीवरून विमान चालवणे सोपे, असे आपल्याला खिडकीतून वाटते. प्रत्यक्षात याच दहा-पंधरा मिनिटांत तपासणीच्या याद्या वाचायच्या, पंखांचे फ्लॅप लावायचे, वजनाचे शेवटचे आकडे भरायचे आणि त्यातच नियंत्रकाच्या सूचना झेलायच्या असतात. एकाने बाहेर बघायचे आणि दुसऱ्याने मान खाली घालून कामे उरकायची, अशी वाटणी सहज पडते. मग बाहेर बघणारा चुकला तर त्याला धरणारे कोणी उरत नाही.

१३ जानेवारी २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर हेच घडले. लंडनला निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७७७ ला एक धावपट्टी ओलांडायला सांगितले होते. ते भलत्याच वाटेने जाऊन दुसरी, न सांगितलेली धावपट्टी ओलांडू लागले, आणि तिच्यावर डेल्टाचे ७३७ उड्डाणासाठी धावत होते. मनोऱ्यात रडारचा इशारा वाजला. नियंत्रकाने डेल्टाला थांबवले आणि ते सुमारे हजार फूट अलीकडे थांबले. ७७७ च्या कॉकपिटमध्ये त्या रात्री दोन नव्हे, तीन वैमानिक होते. जादा डोळे असले म्हणजे जादा लक्ष असतेच असे नाही.

अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनची गोष्ट वाईट संपली. २७ ऑगस्ट २००६ च्या पहाटे कॉमएअरच्या विमानाला २२ क्रमांकाची, सुमारे ७,००० फुटांची धावपट्टी दिली होती. ते गेले २६ वर, जिची लांबी ३,५०० फूट. ४९ जण गेले, एकटा सहवैमानिक वाचला. दोघे टॅक्सी करताना अवांतर गप्पा मारत होते. विमान जमिनीवर चालत असताना अशा गप्पा मारायच्या नाहीत, हा तिकडचा नियम १९८१ पासूनचा आहे. पण बांधकामामुळे तिथली टॅक्सीची वाट आठवड्यापूर्वीच बदलली होती, आणि वैमानिकांच्या हातातल्या नकाशात ती नव्हती. गप्पांची बातमी झाली, नकाशाची फारशी नाही. समोरच्या होकायंत्रावर २२० ऐवजी २६० दिसत होते. तो आकडा मोठ्याने म्हटला असता तरी पुरे होते.

भाषेचा घोटाळा आणखी सूक्ष्म असतो. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाचे छोटे विमान भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाले होते. त्याला सी-५ या थांब्यापर्यंत जायला सांगून, उड्डाणाच्या रांगेत त्याचा क्रमांक पहिला, असेही सांगण्यात आले. वैमानिकाने ती सूचना नियमाप्रमाणे जशीच्या तशी परत म्हटली. शब्द बरोबर पोचले, पण ‘पहिला क्रमांक’ याचा अर्थ त्याच्या मनात परवानगी असा झाला. धावपट्टीवर ते सुमारे ४० सेकंद उभे होते. मागून जपान एअरलाइन्सचे ए-३५० उतरले. मोठ्या विमानातले ३७९ जण बाहेर पडले; छोट्यातल्या सहापैकी पाच जण गेले. १९७७ साली टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर आदळून ५८३ माणसे मेली, त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असे ठरले. एका शब्दाला एवढे कुंपण घालावे लागते.

हे सगळे परदेशातले म्हणून सोडून देता येत नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी मुख्यतः एकीवरच काम चालते. ११ नोव्हेंबर २०२३ ला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, तिथे २४ तासांत १,०३२ विमानांची ये-जा झाली. सरासरी दीड मिनिटाच्या आत एक! ८ जून २०२४ ला तर एअर इंडियाचे विमान उड्डाणासाठी धावत असताना त्याच धावपट्टीवर मागे इंडिगोचे विमान उतरले. त्या प्रकरणात नियंत्रकाला कामावरून बाजूला केले गेले, वैमानिकांना नाही. पण चुकीला किती कमी जागा उरली आहे ते त्यातून दिसते. आणि मनाने धरलेली वाट दिसण्याचा प्रकार मुंबईला जुनाच आहे. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या लहान विमानतळावर उतरले. दोन्हीकडच्या पट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या. विमान निकामी झाले, माणसे वाचली. त्याआधी १९५३ साली बीओएसीचे कॉमेट अगदी असेच जुहूला उतरले होते.

आता शिक्षेबद्दल. शिकागो कराराच्या परिशिष्टातच लिहिले आहे की अपघाताची चौकशी पुढचे अपघात टाळण्यासाठी असते, दोष वाटण्यासाठी नव्हे. बेफिकीर माणसाचा परवाना जाऊ नये असे मी म्हणत नाही. पण चुकीच्या वळणावर शिरून वेळीच थांबलेल्या वैमानिकाचे काय? त्याची चूक कोणाला दिसलेली नसते. निलंबनाची भीती असेल तर तो गप्प बसेल, आणि ते फसवे वळण पुढच्यासाठी तसेच राहील. अमेरिकेत १९७६ पासून अशा चुका गोपनीयपणे कळवण्याची सोय आहे. ती विमान नियामकाने नव्हे तर नासाने चालवली आहे, म्हणजे शिक्षा करणाऱ्याच्या हाती सांगणाऱ्याचे नाव जात नाही. हेतुपुरस्सर नसलेली चूक दहा दिवसांत कळवली तर दंडातून सहसा सूटही मिळते. परवाने निलंबित झाल्याच्या बातम्या मी आपल्या वर्तमानपत्रांत पुष्कळ वाचल्या. कोणी आपली चूक आपण होऊन सांगितल्याने एखादी पाटी किंवा दिवा बदलला, अशी बातमी मात्र माझ्या कात्रणांत एकही नाही.

यंत्रेही आली आहेत. विमान नेमके कुठे आहे ते हलत्या नकाशावर दाखवणारी आहेत. दुसरे एक यंत्र विमान टॅक्सीवेवर वेग घेऊ लागले की कॉकपिटमध्ये बोलून सांगते, ‘ऑन टॅक्सीवे’. दोनच शब्द, आणि ते उच्चारायला एक सेकंदही लागत नाही. ते बसवायचे की नाही, हे बहुतेक ठिकाणी विमान कंपनी खर्च पाहून ठरवते.